तळपायावरची निशानी

पहिली शिट्टी झाली तवा माह्या एका हातात लेकराचा पाय व्हता आन् दुसऱ्या हातात थिनरमधी बुडवलेली चिंधी. लेकरू सतरंजीवर पालथं. अंग लाकडावानी ताठ, मंग झटके, मंग पुन्हा ताठ. तोंड एका अंगाला वाकडं, ओठातून फेस, डोळ्याचं नुसतं पांढरं दिसून राह्यलं व्हतं. अकरा महिन्याची पोरगी माही. आन् मी तिला उचलून पळायचं सोडून तिचा डावा तळपाय घासत बसले व्हते.

घासत व्हते कारन तळपायावरची निशानी उलटी झाल्ती. मीच काढलेली, माह्याच हातानं, काळ्या रंगानं. ती सुलटी असली तर राखन करती आन् उलटी झाली की राखन निघून जाती, असं मला ठाऊक व्हतं. मला वाटलं ती निशानीच लेकराला वढून राह्यली. ती पुसली की लेकरू सुटंल. दुसरं काहीच डोक्यात न्हवतं. दार न्हवतं, रस्ता न्हवता, दवाखाना न्हवता. फकस्त तो पाय.

गॅसवर डाळीचा कुकर व्हता. दुसरी शिट्टी झाली. रंग पसरला, गेला न्हाई. मी चिंधी बदलली. तिसरी झाली. आमच्या घरी डाळीला तीन लागत्यात, तिसरीला हात आपोआप गॅसकडं जातो माहा. त्या दिवशी गेला न्हाई. तिसरी झाली हे मी ऐकलं, आन् घासत राह्यले.

आता नीट सांगते, न्हाईतर तुम्हाला वाटंल ही बाई येडी हाय का काय. कदाचित सगळं सांगून बी वाटंल.

आमचं सासर शहागडच्या अंगाला, गोदावरीच्या काठाला. शेती हाय, ती दोघं दीर बघत्यात. माहे मालक ट्रक चालवत्यात. जालन्यातून माल भरायचा आन् जावं लागंल तिकडं जायचं, कधी नागपूर, कधी पार तेलंगनात. म्हनून आम्ही जालन्याजवळच बदनापूरला खोली घेतली, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. सासूबाईला ते पसंत न्हवतं. त्या म्हनल्या, तो तर गाडीवर, तू एकटी लेकराला घेऊन तिथं काय करनार, लेकरू इथं ठेव नाहीतर तू बी इथंच राहा. मीच हट्ट केला. मला वाटलं आपली खोली, आपली चूल, कोनाचं बोलनं न्हाई. माही माय मी नववीत असतानाच गेली, शाळा तवाच सुटली. तवापासून मी दुसऱ्याच्याच घरात राह्यले, पहिले मामाच्या, मंग सासरच्या. आपली खोली म्हनजे काय ते मला बघायचं व्हतं.

तर बघितलं. आपली खोली म्हनजे दिवसभर कोनी बोलत न्हाई. घरमालकीन शेजारीच, एकटी बाई, पन ती दार लावूनच बसायची, पुढं रंगाचं काम आलं तवा तर तिला वासाचं निमित्त बी झालं. मालकाचा फोन यायचा तर मागं इंजिनाचा आवाज, जेवली का, पोरगी बरी का, ठेवतो. गाड्या स्टेशनात थांबायच्या, लोक उतरायचे, रिकाम्या व्हायच्या, पुढं जायच्या. मी खिडकीतून बघायचे. ह्या येवढ्या मानसातल्या एकाला बी माहं नाव ठाऊक न्हाई, असं वाटायचं.

मंग दगडाचं काम आलं.

नवीन जालन्याहून एक ताई स्कूटीवर यायच्या. पायापाशी गोनी, गोनीत दगड. चपटे, गुळगुळीत, जांभळायेवढे, आमच्या सासरच्या नदीत सापडत्यात तसेच. त्यावर बारीक ब्रशनं काळ्या रंगानं निशान्या काढायच्या. चोवीस निशान्या चोवीस दगडावर, पंचविसावा कोरा, सगळे एका कापडी पिशवीत. पिशव्या तिकडं परदेशात जात्यात, लोक त्यातून एकेक दगड काढून आपलं काय व्हनार ते बघत्यात. ताई म्हनल्या, ह्याला रून म्हनत्यात. वरच्या थंड मुलखातले लई जुने लोक व्हते, नॉर्स म्हनून, त्याहिची ही अक्षरं. लाकडावर, दगडावर कोरायचे म्हनून सगळ्या सरळ रेघा, गोल कुठंच न्हाई. अक्षर ते अक्षर आन् वरून प्रत्येकाला एकेक अर्थ.

अर्थ त्याहिनी मला कामापुरते सांगितले व्हते, निशानी ध्यानात राहावी म्हनून. पन मला ते लई आवडले. पहिलीच निशानी गुराढोराची. गुरं म्हनजेच धन. मी म्हनले, ताई, हे तर आमच्या सासऱ्याला शाळा न शिकता ठाऊक हाय. एक काट्याची. एक नडीची, म्हनजे अडचनीची. एक गारांची. तिकडं बी गारा पडत्यात आन् तिकडं बी त्या पिकावरच पडत असतील. एक सुगीची. एक बापजाद्याच्या घरजमिनीची. एक बियाची, तिला ताई हसून म्हनल्या, बघ, अख्खं जालना बियानं विकून राह्यलं आन् आपन बियाची निशानी विकून राह्यलो. एका झाडाची निशानी व्हती, पन तिचा अर्थ माय, बाळंतपन, नवा जीव. आन् एक नुसती उभी रेघ. बर्फ. म्हनजे सगळं गोठलेलं, जिथलं तिथं थांबलेलं. त्या रेघेला उलटं न्हाई, सुलटं न्हाई. कशी बी ठेवा, ती तीच.

बाकीच्या लई निशान्याला मात्र उलटं-सुलटं व्हतं, आन् कामात तीच मोठी गोष्ट. ताईचा कायदा असा की दगडाची निमुळती बाजू वर, रुंद बाजू खाली, आन् निशानी त्या हिशोबानं. एक जरी उलटी निघाली तर पिशवी वापस. उलटीचा अर्थ उलटा व्हतो, म्हनल्या, घेनारे भांडत्यात. मंग मी प्रत्येक दगड हातात घेऊन आधी अंगठ्यानं चाचपायचे, निमुळतं कुठं, रुंद कुठं. शेवटी तर न बघता कळायचं. पुढं पुढं शेंगदाना बी हातात आला तरी मी त्याची वरची बाजू बघायचे.

ताईनं अजून एक सांगितलं व्हतं, तेव्हा मी नुसतं हूं म्हनले. म्हनल्या, त्या जुन्या लोकांनी खरं काय मानलं ते पक्कं कोनालाच ठाऊक न्हाई. थोडं त्याहिच्या गान्यातून कळतंय, बाकीचं मागून आलेल्या लोकांनी लावलंय. हे मी तवाच नीट ऐकायला पाह्यजे व्हतं.

एकटं असलं की मानूस कशाला बी बोलायला लागतो. मी सकाळी लेकराला दूध पाजलं की वाळलेल्या दगडाच्या सुपात हात घालून एक काढायचे, न बघता. आज काय. सुगी आली की दिवसभर बरं वाटायचं. गारा आल्या की कपडे आत घ्यायचे, हसू नका, खरंच घ्यायचे. बर्फाची रेघ लई वेळा यायची. मी लेकराला म्हनायचे, बघ, आजबी बर्फ. ती हात मारून दगड पाडायची. तिला त्यातलं एकच कळायचं की आई दगडाशी बोलती. कोरा दगड आला की मी तो पटकन वापस टाकायचे. तो हातात घेतला की मला तिची पाचवी आठवायची. पाट्यापाशी कोरा कागद आन् पेन ठेवला व्हता, सटवाई येऊन लिहून जाती म्हनून. सकाळी मी चोरून कागद बघितला व्हता. कोराच व्हता. सगळ्याहिचाच कोरा असतो, सासूबाई म्हनल्या. पन मी घाबरले ते घाबरलेच.

राखनीची जी निशानी हाय ना, ती अशी. एक उभी रेघ, तिला वरच्या अंगाला दोन फांद्या, कोनी दोन्ही हात वर करून उभं राहावं तशी. त्या मुलखात मोठ्या शिंगाचं जनावर असतंय, त्याच्या शिंगाची म्हनत्यात. सुलटी म्हनजे राखन, आडोसा, वाईट गोष्ट जवळ येऊ न देनारी. उलटी केली की फांद्या खाली. कावळ्याच्या पायाचा ठसा उमटावा तशी. दहाव्याच्या पिंडापाशी राखेत उमटतो ना, तसा. मला ती उलटी बघवत न्हवती.

आता सासूबाईचा रोज एकच फोन. तीट लावली का. गालाला लावली का, तळपायाला लावली का, कोनाची नजर कुठून लागंल सांगता येत न्हाई. मी लावायचे काजळ, पन पोरगी रांगायला लागल्ती. दुपारपर्यंत तळपायाचं काजळ फरशीला. एक दिवस व्हिडिओ कॉलवर त्याहिनी बघितलं, पाय कोरा. नुसत्या म्हनल्या, तुला एकटीला व्हत न्हाई बाई. ते वाक्य मला लागलं. फोन ठेवल्यावर मी पाय लांब करून बसले, लेकराला मांडीवर उतानं घेतलं, तिचे पाय माह्या पोटाकडं, आन् दगडाचा ब्रश घेऊन डाव्या तळपायावर राखनीची निशानी काढली. पक्क्या रंगानं, पुसायचं नावच न्हाई. फांद्या बोटाकडं, बुड टाचेकडं. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसली, पाय हलला, एक फांदी थोडी वाकडी झाली. वाळेस्तोर मी पायाला फुंकर घालत बसले. त्या दिवशी मला लई दिवसांनी असं वाटलं की खोलीत आपल्यासंगं अजून कोनीतरी हाय.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी लेकराचं अंग कोमट. दात येऊन राह्यले असतील म्हनले. त्या दिवशी दगड काढला न्हाई, तिच्यातच व्हते. ताप उतरायच्या औषधाचा डोस दिला व्हता, थोडा. अकराच्या सुमाराला डाळ लावली आन् वळून बघितलं तर ती आकडून गेल्ती.

मी तिला घाबरून पालथं केलं, फेस बाहेर पडावा म्हनून. पाठीवर राहू दिलं न्हाई येवढं बराबर केलं, पन पालथं न्हाई, कुशीवर करायला पाह्यजे व्हतं, असं मागून डॉक्टर म्हनल्या. पन पालथं केलं आन् पाय माह्या पुढ्यात आला, टाच वर, बोटं खाली. आन् माह्या डोळ्याला पाय दिसलाच न्हाई, दगड दिसला. निमुळती बाजू वर. रुंद बाजू खाली. आन् निशानी उलटी. कावळ्याचा पाय.

मी हजार दगड काढले असतील, एक उलटा निघाला न्हाई, आन् माह्या लेकराच्या अंगावर उलटी काढली.

म्हनून थिनर. म्हनून चिंधी. चौथी शिट्टी, पाचवी. तळपाय लालबुंद झाल्ता, रंग रेघारेघात बसला व्हता. मी काय काय बोलले ते मला आठवत न्हाई. त्या थंड मुलखातल्या लोकाहिला बी बोलले असंल, माफ करा, मी दुसऱ्याची वस्तू घेतली म्हनून. मंग जळका वास आला आन् घरमालकीन दार बडवायला लागली. दार नुसतं लोटलेलं व्हतं, तिनं ढकललं, आत आली, गॅस बंद केला, वळली, आन् तिला लेकरू दिसलं. तिनं मला एकच गोष्ट सांगितली.

"उचल."

उचललं. चपला न्हवत्या पायात. रिक्षात मी, लेकरू आन् घरमालकीन. रेल्वेच्या फाटकापाशी लेकराचं अंग एकदम ढिलं पडलं. मला वाटलं गेली. घरमालकिनीनं नाकापुढं बोट धरलं, म्हनली श्वास हाय, गप बस, श्वास हाय. रिक्षावाल्यानं मागं वळून सुद्धा बघितलं न्हाई, नुसता हॉर्न वाजवत राह्यला.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तिला टेबलावर घेतलं, ताप बघितला, काय काय दिलं. पोरगी झोपल्यावानी पडली व्हती पन रंग वापस येऊन राह्यला व्हता. मॅडमनी विचारलं, आधी कधी असं झालं का. न्हाई. घरात कोनाला हाय का. न्हाई. आन् मंग विचारलं.

"झटके किती वेळ चालले?"

मी म्हनले, "दोन मिनिटं."

पटकन निघालं तोंडातून. खोटं बोलायचं असं ठरवलं बी न्हवतं. पन दोन मिनिटापेक्षा जास्त म्हनले असते तर पुढचा सवाल व्हता, मंग तू काय करत व्हतीस. मॅडमनी कागदावर लिहिलं. लहान लेकराला ताप चढला की असं कधी कधी होतं, दोनेक मिनिटांत थांबलं असेल तर फार घाबरू नका, संध्याकाळपर्यंत बघू आन् ताप उतरला तर घरी सोडू. जास्त वेळ चाललं असतं, म्हनल्या, तर मी तुम्हाला इथं ठेवलंच नसतं, सरळ जालन्याला पाठवलं असतं, सगळ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या.

घरमालकीन माह्या मागंच उभी व्हती. तिनं ते ऐकलं.

सिस्टर पट्ट्या ठेवायला आली, तिनं मोजा काढावा तसा पाय हातात घेतला आन् वास घेतला. हे काय लागलंय. रंग सांडला, म्हनले. तळपायालाच बराबर कसा सांडला, म्हनली.  ती कापसाला खोबरेल लावून हळू हळू पुसत बसली. तेलानं बराच गेला. मी थिनर घेऊन घासलं ते तेलानं निघत व्हतं.

मालकाला फोन लावला. ते कुठंतरी घाटात व्हते, आवाज तुटत व्हता. मी रडले तर म्हनले रडू नको, आईला लावून देतो, ती निघंल. मी म्हनले नको. ते म्हनले नको काय, तू एकटी हायेस. फोन कटला. बस्स, मंग मला कळलं की संध्याकाळपर्यंत सासूबाई इथं येनार आन् हे सगळं ऐकनार. आन् ऐकल्यावर लेकरू माह्यापाशी ठेवनार न्हाईत. आन् त्याहिचं काही चूक बी न्हाई.

मंग बाकड्यावर बसून राह्यलो आम्ही दोघी. घरमालकीन इतके महिने माह्याशी पानी आन् लाइट सोडून काही बोलली न्हवती. ती पदरानं वारा घेत बसली. समोर भिंतीकडं बघत, म्हनली, "डाळीला तीन लागत्यात का गं तुझ्याकडं?"

मी म्हनले हो.

"मी आठ मोजल्या. म्हनलं ही बाई झोपली का. आठव्याला उठले मी."

 पहिली शिट्टी झाली त्याच्या आधीपासून लेकरू झटके देत व्हतं, हे फकस्त मला ठाऊक. पहिलीपासून आठवीपर्यंत किती वेळ जातो, ते कोनत्या बाईला सांगावं लागत न्हाई. घरमालकीन पुढं येवढंच म्हनली की मी काही मॅडमला सांगनार न्हाई, लेकरू तुझं हाय, तोंड बी तुझंच हाय. आन् चहा आनायला गेली.

ती गेली तवा मी एकटी बसले लेकरापाशी. पाय उघडा व्हता. मी बघितलं. आता ती उतानी झोपली व्हती, बोटं वर, टाच खाली, आन् जी काही पुसट निशानी राह्यली व्हती ती सुलटी दिसत व्हती. हात वर केलेलं मानूस. मी उठून तिच्या डोक्याकडून वाकून बघितलं तर पुन्हा उलटी. पायाला कुठली वरची बाजू. दगडाचा कायदा ताईनं केलेला, पिशवी वापस येऊ नये म्हनून. पायाला कोनी कायदा केलेला न्हाई. येवढं मला त्या बाकड्यावर कळलं. आठ शिट्ट्या आधी कळलं असतं तर.

सासूबाई चारच्या पुढं आल्या. उन्हातून जीपमधी दाटीवाटीनं आलेल्या, हातात पिशवी, पिशवीत लेकराचं दुपटं आन् भाकरी.  मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याहिनी लेकराच्या कपाळावर हात ठेवला, मंग माह्या पाठीवर ठेवला. म्हनल्या, जेवलीस का. मला त्या हाताखाली बसवेना.

आन् बराबर तवाच डॉक्टर मॅडम आल्या. ताप उतरला व्हता. त्याहिच्या हातात कागद व्हता. म्हनल्या, छान आहे आता, हे औषध तीन टाइम, पुन्हा ताप आला तर अंग पुसा, घरी नेऊ शकता. पेन उघडलं सहीला.

घरी नेऊ शकता, म्हनल्या. म्हनजे माह्या खोलीत. माह्या सतरंजीवर. सासूबाई एखादा दिवस राहनार, वापस जानार, आन् पोरगी माह्यापाशी राहनार. नुसतं गप बसायचं व्हतं. आन् दोन मिनिटंच असतील असं मीच माह्या मनाला म्हनले असते, चार दिवसांनी मला बी ते खरं वाटलं असतं.

घरमालकीन चहाचे कप घेऊन दारात उभी व्हती. ती माह्याकडं बघतच न्हवती.

मी म्हनले, "मॅडम, दोन मिनिटं न्हवते. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्त्या."

मॅडमला पहिले कळलंच न्हाई. मंग पेन थांबलं. मंग मी सगळं सांगितलं, निशानी, दगड, थिनर, उलटी-सुलटी, सगळं, एका दमात, सासूबाईच्या पुढ्यात, सिस्टरच्या पुढ्यात. मॅडम रागावल्या न्हाईत. त्याहिनी घरमालकिनीला विचारलं, कुकर किती लिटरचा, गॅस मोठा व्हता का. घरमालकीन म्हनली, मोठा नसंल, तीन लागायला दहा-बारा मिनिटं तरी जात्यात. मॅडमनी तो कागद फाडला आन् दुसरा घेतला. जालन्याला गाडी दिली, त्याच वेळेला.

जालन्याच्या दवाखान्यात त्याहिनी सगळं तपासलं. लघवीत दोष निघाला. बाहेरून काही दिसत नसतंय म्हने, नुसता ताप येत राहतो, आन् तसंच घरी नेलं असतं तर पुढं किडनीवर गेलं असतं. सुयांची औषधं दिली, आठ दिवस. पोरगी बरी झाली. आता बिलकुल बरी हाय. त्या डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं, असं झालं तर कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, आन् पाच मिनिटाच्या वर गेलं तर काही न बघता पळायचं. घड्याळ बघायचं, म्हनले. मी खोलीत आता भिंतीवर घड्याळ लावलंय, मोठ्या काट्याचं.

फकस्त पोरगी तिथं न्हाई.

सासूबाई तिला घेऊन गेल्या, थोडे दिवस म्हनून. भांडन झालं न्हाई. जीपमधी बसताना त्या म्हनल्या, तू बी चल. मी म्हनले काम घेतलंय ताईचं, पिशव्या द्यायच्यात. खरं तर मला लाज वाटली. त्या घरात सगळ्याहिला ठाऊक झालं असनार आता. सूनबाईनं दगडाची निशानी काढली आन् लेकरू आकडीत असताना पाय घासत बसली. मालक फोनवर म्हनले, आई म्हनती तसं करू काही दिवस. ते काही दिवस चालू हायेत. दोन महिने व्हत आले.

मी ताईला सगळं सांगितलं व्हतं. त्या स्कूटी उभी करून लई वेळ माह्या उंबऱ्यावर बसल्या. म्हनल्या, बाई, मी तुला सांगितलं व्हतं ना, उलट्या-सुलट्याचं तर आत्ताच्या लोकांनी लावलेलं, जुन्यांनी मानलं का न्हाई ते कोनालाच ठाऊक न्हाई. सांगितलं व्हतं. मी हूं म्हनले व्हते.

काम चालू हाय. राखनीची निशानी काढताना हात थोडा जड व्हतो, बाकी काही न्हाई. सकाळी दगड काढायचं मी सोडलं. न काढता बी ठाऊक असतंय काय येनार, ती उभी रेघ. घरमालकीन आता दार उघडं ठेवती. कधी भाजीची वाटी आनून ठेवती, कुकर लावला की तिकडून विचारती, झाल्या का तीन. मी म्हनते झाल्या.

परवा सासूबाईनं व्हिडिओ कॉल केला. पोरगी आता धरून धरून उभी राहती. मी म्हनले पाय दाखवा. त्याहिनी तिला उचलून तळपाय फोनपुढं धरला. गोरा, स्वच्छ, मधोमध काजळाची तीट. माह्या रंगाचं नावनिशान न्हाई. पोरगी फोनमधी बघून हसली, मंग आजीच्या खांद्यावर तोंड लपवलं. मला वळखलं का न्हाई ते कळलं न्हाई.

मी गप बसले असते तर ती आज इथं असती, माह्या सतरंजीवर, सुपातले दगड पाडत. आन् आतून ते दुखनं वाढत राह्यलं असतं, कोनाला न कळता. कदाचित पुढच्या तापाला कळलं असतं, कदाचित काही झालं बी नसतं. हे मी रोज दोन्ही अंगानं करून बघते, दगड फिरवून बघावा तसं. बायांनो, तुम्हाला लेकरं हायेत, तुम्ही मला खरं सांगा. पुढ्यात डॉक्टर सहीला पेन उघडून उभी, मागं सासूचा हात पाठीवर, लेकरू टेबलावर शांत झोपलेलं, आन् घरी नेऊ शकता असं म्हनून झालेलं. तुम्ही त्या जागी असता तर काय सांगितलं असतं, दोन मिनिटं का आठ शिट्ट्या?